चौपडीखालचं पाणी

२०१४ च्या सुमारास जयपूरच्या जुन्या शहरात मेट्रोचं काम जोरात सुरू होतं. चांदपोल दरवाजापासून बडी चौपडीपर्यंतचा मार्ग जमिनीखालून न्यायचा होता. वर गुलाबी दुकानांच्या रांगा, हवेल्या, देवळं. त्यांना धक्का लावायचा नाही म्हणून हे भुयार. स्टेशनांसाठी छोटी चौपड आणि बडी चौपड हे दोन गजबजलेले चौक खणायला घेतले. थोडं खाली जाताच माती संपली आणि दगडी पायऱ्या लागल्या. पायऱ्यांच्या मधोमध कुंड, कुंडात पाणी सोडणारी दगडी गोमुखं आणि तिथवर पाणी आणणाऱ्या बांधीव नाल्यांचे अवशेष!

फुलवाले, रिक्षावाले, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका, हवामहालाचे फोटो काढणारे पाहुणे असे सगळे वर्षानुवर्षं ज्या चौकातून ये-जा करत होते, त्याच्याच पोटात पाणवठा दडलेला होता. खड्ड्याभोवती लोकांची गर्दी जमू लागली. इथं कुंड होतं, हे थोरामोठ्यांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकलं होतं. पण ऐकलेली गोष्ट अशी अचानक डोळ्यांसमोर आली की माणूस बावरतोच.

जयपूर म्हटलं की मराठी माणसाला काय आठवतं? हवामहाल, जंतरमंतर, रजया, लाखेच्या बांगड्या, घेवर आणि प्याजकचोरी. पाणी काही आठवत नाही. राजस्थानात पाणी कुठलं, असंच आपण धरून चालतो. मग भर बाजारात, रस्त्याच्या मधोमध कुंडं बांधणाऱ्या राजानं त्यात भरायला पाणी आणलं तरी कुठून?

घागरींचा कालवा

कालव्याकाठच्या शहरांचा विषय निघाला की जगात पहिलं नाव येतं ते चीनच्या महाकालव्याचं. बीजिंगपासून हांगचौपर्यंत सुमारे १८०० किलोमीटर लांबीचा हा जलमार्ग. त्याचे पहिले तुकडे अडीच हजार वर्षांपूर्वी खोदले गेले आणि सातव्या शतकाच्या सुरुवातीला सुई घराण्याच्या सम्राटानं ते एकमेकांना जोडले. दक्षिणेतलं धान्य या कालव्यातून उत्तरेकडे जाऊ लागलं आणि त्याच्या काठानं यांगचौ, सुचौ, हांगचौ अशी शहरं भरभराटीला आली. रेशीम, बागा, पूल, चहाची दुकानं असं सगळं वैभव पाण्याच्या आश्रयानं वाढलं. योगायोग असा, की जयपूरची कुंडं सापडली त्याच सुमारास, २०१४ साली, युनेस्कोनं या महाकालव्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जयपूरचा कालवा त्यापुढे अगदीच लहान. पण चीनच्या कालव्यात नावा चालत, जयपूरच्या कालव्यावर घागरी भरत, एवढाच काय तो फरक. शहर पाण्यामुळे वसतं, हे दोन्हीकडे सारखंच खरं.

आणि मराठी वाचकाला हे समजायला चीनपर्यंत जायचीही गरज नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी वसवली, ती आजची छत्रपती संभाजीनगर. त्या शहरासाठी डोंगरातलं पाणी जमिनीखालून खेळवत आणणारी ‘नहर-ए-अंबरी’ त्यानंच बांधली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत ठिकठिकाणी हौद बांधले आणि त्यांवर शहर पाणी भरू लागलं. काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेतला हौद ही नावं जुन्या पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. जयपूरच्या चौपडींवरची कुंडं म्हणजे या हौदांची थोडी थोरली भावंडंच.

सवाई जयसिंगाचा बेत

कछवाह्यांची जुनी राजधानी आमेर. डोंगरांच्या खिंडीत, किल्ल्याच्या कुशीत वसलेली. संरक्षणाला उत्तम, पण वाढत्या वस्तीला जागा नाही आणि पाणीही अपुरं. सवाई जयसिंगानं दक्षिणेकडचं सपाट मैदान हेरलं. तिथं त्याची शिकारीची बाग होती, जयनिवास. आणि बागेच्या उत्तरेला एक तळं होतं, तालकटोरा. कटोरा म्हणजे वाडगा. त्याच्या भोवती राजामल तलावाचं मोठं पाणी पसरलेलं होतं आणि या तलावाच्या पोटात हा वाडगा ठेवल्यासारखा दिसे. म्हणजे शहराचा आराखडा कागदावर उतरण्याआधीच या जागी पाणी होतं. पुढे राजवाडा उठला तो या तळ्याच्या आणि बागेच्या कडेनं. आज भाविकांची रीघ लागते ते गोविंददेवजींचं मंदिरही याच बागेत आहे.

१८ नोव्हेंबर १७२७ हा जयपूरच्या पायाभरणीचा दिवस. बंगालमधून आलेल्या विद्याधर भट्टाचार्य यांच्यावर राजानं कामाची जबाबदारी टाकली. चौकोनी पेठा, त्यांना चौकड्या म्हणत. सरळसोट रस्ते, मुख्य रस्ता १११ फूट रुंद आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दुकानं. पेठांची संख्या नऊ धरली. गिरधारी कवीच्या १७३९ सालच्या ‘भोजनसार’ या काव्यात या शहराच्या जन्माची हकिगत आली आहे. राजानं विद्याधरांना बोलावून जयनिवास बाग शहराच्या आत घ्यायला आणि दुकानांनी गजबजलेले चौक आखायला सांगितलं, असा तिचा आशय आहे.

या आखणीतली एक गोष्ट मात्र पर्यटकांच्या लक्षात येत नाही. चांदपोलपासून सूरजपोलपर्यंत पश्चिम-पूर्व जाणारा मुख्य रस्ता जमिनीच्या उंचवट्यावरून, जणू शहराच्या पाठीच्या कण्यावरून नेलेला आहे. पावसाचं पाणी आपसूक दोन्ही बाजूंना वाहून जातं. आणि याच कण्यावर एकापुढे एक तीन चौक आहेत : छोटी चौपड, बडी चौपड आणि रामगंज चौपड. वायव्येला हरमाड्याच्या बाजूला द्रव्यवती नदीचं पाणी होतं. तिथून कालवा काढून पाणी शहरात आणलं आणि या मुख्य रस्त्यानं चौपडींपर्यंत खेळवलं. उंचावरून येणारं पाणी खालच्या गल्ल्यांना पुरवणं सोपं, हे साधं गणित. ना पंप, ना वीज. जमिनीचा उतार हेच इंजिन.

तिन्ही चौपडींच्या मध्यभागी कुंड. जयपूरची जुनी माणसं सांगतात, की त्यांतल्या एकेका चौकाला देवीचा आशीर्वाद आहे : छोटी चौपड सरस्वतीची, बडी चौपड महालक्ष्मीची आणि रामगंज चौपड महाकालीची. विद्या, धन आणि शक्ती. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी चौकाच्या मध्यभागी मूर्ती, पुतळा किंवा तोफ न ठेवता पाणी ठेवावं असं त्या शहराला वाटलं, हीच केवढी मोठी गोष्ट! वाटसरूनं, उंटानं, बाजाराला आलेल्या खेडुतानं सगळ्यात आधी काय पाहावं, तर भरलेलं कुंड.

तळ्याकाठची मराठी घरं

या पाण्याच्या काठाला मराठी माणसंही येऊन राहिली होती. तालकटोऱ्याच्या उत्तरेला, नाहरगडाच्या पायथ्याशी ब्रह्मपुरी नावाची पेठ आहे. विद्वान ब्राह्मणांसाठी वसवलेली. सवाई जयसिंगाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय. ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रावरचा मोठा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. ब्रह्मपुरीतली ‘पुंडरीकजींची हवेली’ आजही उभी आहे आणि तिथल्या एका खोलीतली चित्रं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

दुसरे जगन्नाथ सम्राट. तेही महाराष्ट्रातलेच. जयसिंगाच्या पदरी राहून ते अरबी शिकले. युक्लिडची भूमिती त्यांनी ‘रेखागणित’ या नावानं संस्कृतात आणली, तर टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचं रूपांतर ‘सिद्धान्तसम्राट’मध्ये केलं. जंतरमंतरची ती अवाढव्य यंत्रं बघताना ज्या गणिताचा विचार मनात येतो, त्याच्या मागे असा एक मराठी माणूस उभा आहे.

ब्रह्मपुरीच्या वर डोंगरावर गढ गणेशाचं देऊळ आहे. इथला गणपती बालरूपातला, त्याला सोंड नाही. गणपतीला सोंडेशिवाय बघायची सवय नसलेल्या मराठी भाविकाला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं खरं. पण पायऱ्या चढून वर गेलं की खाली जयसिंगाची सगळी रेखीव नगरी पटावर मांडल्यासारखी दिसते.

आणखी एक पाहुणी या शहरानं पाहिली होती. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई. १७३५ साली त्या उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या, तेव्हा सवाई जयसिंगानं जयपुरात त्यांचा मोठा सन्मान केला. शहराची पायाभरणी होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. राधाबाईंचा नातू नानासाहेब यांनीच पुढे कात्रजचं पाणी पुण्याला आणलं. दोन शहरांतली ही दोन कामं एकाच शतकातली. पाणी घरापर्यंत नाही, तर निदान पेठेपर्यंत आणून देणं हे राज्यकर्त्याचं कर्तव्य आहे, असं मानणारा तो काळ होता.

गौरीचं पाणी

पाण्याभोवती मग सण गुंफले गेले. होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून जयपूरच्या घराघरांत गणगौरीची पूजा सुरू होते. सकाळी मुली आणि नवविवाहिता कलशात पाणी, दूर्वा आणि फुलं घेऊन गाणी म्हणत येतात. चैत्र शुद्ध तृतीयेला गौरीची मोठी सवारी निघते. हीच तिथी आपल्याकडे चैत्रगौर बसवण्याची! इकडे आंब्याची डाळ, पन्हं आणि हळदीकुंकू. तिकडे हत्ती, घोडे, उंट, बँड आणि डोक्यावर गौर घेतलेली मिरवणूक. देवी एकच, माहेरपण एकच.

ही सवारी राजवाड्याच्या त्रिपोलिया दरवाजातून निघते, छोट्या चौपडीला वळते, गणगौरी बाजारातून पुढे जाते आणि पोचते तालकटोऱ्याला. श्रावणात तीजेची सवारीही याच वाटेनं जाते. म्हणजे शहराच्या सगळ्यात मोठ्या दोन मिरवणुका निघतात देवडीतून आणि जातात तळ्याकडे. गौर माहेरी येते ती पाण्यासाठी. तिला पाणी दाखवल्याखेरीज पाठवणी होत नाही. तळं आटलं, तर सण कशाभोवती करायचा?

नळ आले, कुंड गेलं

मग चौपडींवरची ही कुंडं जमिनीखाली गेली कशी? ती शत्रूनं पाडली नाहीत. भूकंपही झाला नाही. झालं इतकंच, की नळ आले.

महाराजा रामसिंग दुसरे हे सुधारक राजे. त्यांनी नवी बाग काढली, १८७० च्या दशकात शहरात गॅसचे दिवे आणले, १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीआधी शहर गुलाबी रंगवून घेतलं. त्याच काळात शहराबाहेरच्या अमानीशाह नाल्यातून इंजिनानं पाणी उपसून ते नळांनी शहरात आणण्याची योजना झाली. घागर घेऊन चौपडीवर जायची गरज कमी झाली. कुंडांची निगा कोण राखणार? ती बुजली, वर कारंजी-बगिचे आले, रहदारी वाढली, डांबर पडलं. नळ ही चांगलीच गोष्ट. बायकांच्या डोक्यावरचं ओझं त्यानं उतरवलं. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत हरवली. पाणी येतं कुठून, हे दिसेनासं झालं.

आणि जे दिसत नाही, त्याची काळजी घेतली जात नाही. पुढचा सारा इतिहास या एका वाक्यात मावेल.

राजामल तलाव भरून टाकला गेला आणि त्या जागी वस्ती झाली. वाडगा उरला, पण त्याच्या भोवतीचं पाणी गेलं. शहराची तहान वाढली तसं पाणी लांबून आणावं लागलं. जयपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर बाणगंगा नदीवर रामगढचं धरण बांधलं. १८९७ साली सुरू झालेलं काम १९०३ साली पुरं झालं. १९३१ पासून तिथलं पाणी जयपूरला येऊ लागलं. हा तलाव इतका मोठा आणि भरलेला असे, की १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या नौकास्पर्धा तिथं झाल्या. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत रामगढ कोरडं पडलं. ज्या ओढ्यांनी त्यात पाणी यायचं, त्यांच्या वाटांत शेतं, बांध, बांधकामं उभी राहिली. २०११ साली राजस्थान उच्च न्यायालयानं या अतिक्रमणांची आपणहून दखल घेतली. पण नौका फिरत होत्या तिथं गुरं चरताना लोकांनी पाहिली, ती काही स्वप्नात नाही.

आज जयपूर पाणी पितं ते बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं. टोंक जिल्ह्यातून, शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून ते २००९ पासून येतं. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यांनी भरून घेतलं, त्यांना पाण्याचं अंतर कळतं.

पांढऱ्या जमिनीचं गुपित

द्रव्यवती नदीची गोष्ट तर याहून दुखरी. नाहरगडाच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावून ती जुन्या शहराच्या पश्चिमेनं वाहत दक्षिणेला सांगानेरला जाते आणि पुढे ढूंढ नदीला मिळते. चौपडींना पाणी देणारी ती हीच नदी. अमानी शाह या सूफी संताच्या दर्ग्यावरून तिच्या पात्राला ‘अमानीशाह नाला’ हे नाव पडलं. नाव नाला पडलं आणि हळूहळू नदी खरोखरच नाला झाली. सांडपाणी तिच्यात सोडलं जाऊ लागलं. १९८१ च्या जुलैत प्रचंड पाऊस झाला, तेव्हा हाच नाला पूर घेऊन आला आणि नदीचं पात्र कुठवर असतं, हे शहराला त्यानं एका रात्रीत आठवून दिलं.

पण या नदीनं जयपूरला फक्त पाणी दिलं नाही, नाव दिलं. जगभर गेलेला सांगानेरी छाप तिच्या काठचा.

घराघरांत सांगानेरी चादर असते, सांगानेरी ओढणी असते. शुभ्र जमिनीवर बारीक नाजूक फुलं, हीच तिची ओळख. त्या पांढऱ्या जमिनीचं गुपित ठाऊक आहे? ते आहे वाहत्या पाण्यात. जुन्या पद्धतीत छिपा कारागीर कापड आधी धुऊन स्वच्छ करी, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवी. काळ्या रेषेसाठी लोखंडाचा गंज आणि गूळ अनेक दिवस कुजवून केलेली शाई आणि लाल रंगासाठी तुरटीची खळ, असे लाकडी ठसे कापडावर उठवी. ठसे वाळले की कापड नदीत नेई. उभ्या पाण्यात धुतलं तर सुटलेली तुरटी आणि लोह पुन्हा कापडावर बसतात आणि जमीन मळते. वाहतं पाणी मात्र ते झटकन दूर नेतं. मग रंगाच्या कढईत कापड उकळलं, की जिथं तुरटी तिथंच लाल रंग धरतो. बाकीचं कापड काठावर उन्हात पसरून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडायचं. ऊन आणि पाणी मिळून ते पांढरंशुभ्र करतात.

म्हणजे सांगानेरच्या फुलांची अर्धी कला कारागिराच्या हातात होती आणि अर्धी नदीच्या प्रवाहात. सांगानेरचे कागदी हेही असेच. कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून त्यांनी पिढ्यान् पिढ्या हातकागद बनवला. त्या धंद्यालाही स्वच्छ पाणी मुबलक लागतं.

पुढे मागणी वाढली. रासायनिक रंग आले, स्क्रीन छपाईचे कारखाने वाढले. ते रंगीत पाणी थेट नदीत जाऊ लागलं. ज्या नदीनं कापड पांढरं केलं, तिलाच कापडानं काळं केलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, सांडपाणी शुद्ध करण्याची सामायिक केंद्रं उभारावी लागली. २०१० साली सांगानेरच्या हातछपाईला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन नावाला मिळतं, गावाला मिळतं; पण त्या गावातली नदी कुणाच्या नावावर नोंदवायची?

छिपा कारागिराला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. दोनशे रुपयांत चादर हवी, रंग उठावदार हवा आणि लगेच हवी, असं म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. त्या किमतीत कापड तीनदा वाहत्या पाण्यात धुणं, उन्हात वाळवणं आणि रंगाचं पाणी गाळून सोडणं बसत नाही. नदीची किंमत पावतीवर कधीच लिहिलेली नसते.

दगड मोजून ठेवले

२०१६ पासून द्रव्यवतीला पुन्हा नदी करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. सुमारे सत्तेचाळीस किलोमीटर लांबीचं पात्र, सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रं, काठानं बागा आणि पायवाटा. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच्या काही भागाचं लोकार्पण झालं. ‘नाला’ पुसून पाटीवर पुन्हा ‘द्रव्यवती’ आलं, हेही काही थोडं नाही. मात्र पात्र ठिकठिकाणी काँक्रीटनं बांधलं गेलं. नदीचं पाणी जमिनीत मुरायचं कसं आणि विहिरींना झरे लागायचे कसे, असा प्रश्न जाणकारांनी तेव्हाच विचारला. नदी म्हणजे नुसता चकचकीत पाट नव्हे; तिच्या तळातून पाणी मुरावं लागतं आणि काठावर माती असावी लागते.

६ जुलै २०१९ रोजी बाकू इथल्या बैठकीत युनेस्कोनं जयपूरच्या तटबंदीतल्या शहराला जागतिक वारसा घोषित केलं. जंतरमंतरला तो मान २०१० सालीच मिळाला होता. शहराची आखणी, बाजार, कारागिरांच्या पेठा यांचा हा गौरव. जयपूरकरांनी आनंद केला आणि तो रास्तच होता. पण दुकानांचे गुलाबी दर्शनी भाग वारशात मोजले जातात, तसा त्या शहराला जगवणारा पाण्याचा मार्गही वारसाच आहे. भिंत पडली तर लगेच दिसते. झरा आटला तर कळायला तीस वर्षं लागतात.

हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं होतं, त्यांत एक नाव अनुपम मिश्र यांचं. जन्म वर्ध्याचा, १९४८ सालचा. त्यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ हे पुस्तक १९९३ साली आलं आणि ‘राजस्थान की रजत बूँदें’ १९९५ साली. पहिल्या पुस्तकावर त्यांनी स्वतःचा हक्कच ठेवला नाही. ज्याला छापायचं त्यानं छापावं. अडाणी समजल्या जाणाऱ्या खेडुतांनी, गवंड्यांनी, गजधरांनी कमी पावसाच्या मुलखात पाणी कसं साठवलं, हे त्यांनी गावोगाव फिरून लिहून ठेवलं. जयपूरच्या भोवतीच त्याचे किती दाखले आहेत! जयगडावर डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी पाटांनी गोळा करून साठवणारी प्रचंड टाकी आहे. नाहरगडावरची वळणावळणाची बावडी तर ‘रंग दे बसंती’ सिनेमातल्या उड्यांमुळे घराघरांत पोचली. पोरं पाण्यात उडी घेतात एवढं सगळ्यांना आठवतं. डोंगराच्या माथ्यावर ते पाणी आलं कसं, हे किती जणांनी विचारलं?

आता पुन्हा मेट्रोच्या खड्ड्यापाशी यायला हवं. कुंडं सापडली, तेव्हा दोन मतं पडली. वारसा जपणारे म्हणाले, हे दगड जागचे हलवू नका. मेट्रोवाल्यांना स्टेशन तिथंच हवं होतं. शेवटी कुंडाच्या बांधकामाची नोंद घेऊन ते उतरवलं गेलं आणि खाली स्टेशन झाल्यावर वर चौकात पुन्हा बांधण्यात आलं. २३ सप्टेंबर २०२० रोजी मेट्रो बडी चौपडीपर्यंत धावू लागली. आज गाडीतून उतरून जिन्यानं वर आलं, की चौकाच्या मध्यभागी ते कुंड दिसतं. पायऱ्या आहेत, गोमुखं आहेत. हरमाड्याच्या कालव्याचं पाणी मात्र त्यांतून येत नाही.

यात हळहळण्यासारखं आहे, तसं समाधानाचंही आहे. शंभर-सव्वाशे वर्षं डांबराखाली राहिलेली गोष्ट निदान उजेडात आली. शाळेतून घरी जाणारं पोर आजीला विचारू शकतं, ‘इथं पाणी का नाही?’ आजीला उत्तर येत नसेल, तर ती कुणाला तरी विचारील. प्रश्न असाच तर फिरतो. आपल्याकडे कात्रजच्या नळाचे, नहर-ए-अंबरीचे दगड अजून जमिनीखाली आहेत. त्यांच्यावर नवी इमारत उठण्याआधी हा प्रश्न तिथंही फिरायला हवा.

जयपूरला जाणं झालं, तर हवामहालासमोरचा फोटो तर काढालच. मग पाठ फिरवून बडी चौपडीच्या कुंडापाशी दोन मिनिटं उभं राहा. आणि वेळ असेल, तर गोविंददेवजींच्या दर्शनानंतर मागच्या बाजूनं तालकटोऱ्यावर जा. शहरापेक्षा वयानं मोठं असलेलं ते तळं. चांदपोलहून आज मेट्रो ज्या रस्त्याखालून बडी चौपडीला येते, तीनशे वर्षांपूर्वी त्याच रस्त्यानं पाणी यायचं. माणसांना वाट सापडली आहे. पाण्याला ती परत द्यायची की नाही, हे अजून ठरायचं आहे.